लोकपेढीचे जनक अल्फोन्स देजार्दें (१८५४–१९२०)

महोत्सवाच्या अंकात चरित्र द्यावयाचे म्हणजे ते एखाद्या संताचे, बिशपांचे अथवा मिशनरी धर्मगुरूंचे असावयाचे, असा आपल्याकडे प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. ह्या खेपेस मात्र आम्ही वाचकांपुढे एका प्रापंचिक गृहस्थाचे चरित्र ठेवीत आहोत. ह्या गृहस्थांस वेदीवरील मान मिळालेला नाही, त्यांच्या नावावर कोणताही चमत्कार नाही. दुसऱ्यांनी केलेली भाषणे भराभर लिहून घेणे हा त्यांचा पंचवीस वर्षांचा पोटाचा उद्योग. परंतु कष्टकऱ्याचा पैसा कष्टकऱ्याच्याच गावात कसा राहावा, कर्ज केव्हा काढावे, केव्हा काढू नये, आणि शिल्लक कशी टाकावी, ही विद्या त्यांनी आपल्या धर्मग्रामातील लोकांस शिकविली. आणि ती शिकविताना आपले राहते घरदेखील धोक्यात घातले. त्यांचे नाव अल्फोन्स देजार्दें. देश कॅनडा, प्रांत क्वेबेक, गाव लेवी.

सेंट लॉरेन्स ह्या विशाल नदीच्या दक्षिण तीरावर, क्वेबेक शहराच्या अगदी समोर, लेवी वसलेले आहे. तेथे ५ नोव्हेंबर १८५४ रोजी देजार्दें यांचा जन्म झाला. पंधरा भावंडांत त्यांचा क्रमांक आठवा. घरची स्थिती बेताचीच होती. वडिलांची प्रकृती अशक्त असल्यामुळे आईला शेजाऱ्यांच्या घरी कामे करून संसारास हातभार लावावा लागे. लेवीच्या कॉलेजात धर्मगुरूंच्या हाताखाली काही वर्षे शिक्षण झाले, परंतु ते पुरे होण्यापूर्वीच शाळा सुटली. मग काही काळ फौजेत, नंतर वृत्तपत्राच्या कचेरीत, नंतर क्वेबेक प्रांताच्या कायदेमंडळातील चर्चेचे वृत्तांत छापण्याच्या कामात, असे त्यांचे दिवस गेले. १८७९ साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव दोरिमेन. ह्या बाईंचा उल्लेख पुढे पुन्हा यावयाचा आहे, म्हणून वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. १८९१ मध्ये देजार्दें यांनी स्वतःचे एक दैनिक काढले, परंतु प्रकृतीने दगा दिल्यामुळे ते अवघ्या काही महिन्यांत बंद करावे लागले. शेवटी १८९२ साली ओटावा येथील पार्लमेंटात फ्रेंच भाषणांचे लघुलेखक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अधिवेशन चालू असेपर्यंत ओटावास राहावयाचे आणि ते संपले की लेवीस परतावयाचे, असा क्रम पुढे १९१७ पर्यंत चालला.

लघुलेखकाचे काम असे की, कानावर पडेल ते कागदावर उतरावे आणि मनात काही ठेवू नये. परंतु ६ एप्रिल १८९७ रोजी जे कानावर पडले ते देजार्दें यांच्या मनातून गेले नाही. त्या दिवशी मायकल क्विन नावाच्या मॉन्ट्रियलच्या सभासदाने सावकारी व्याजास आळा घालण्यासाठी एक विधेयक मांडले. त्याने एका मनुष्याची हकीकत सांगितली. मॉन्ट्रियलच्या ह्या मनुष्याने दीडशे डॉलर कर्ज घेतले होते, आणि न्यायालयाने त्याला पाच हजार डॉलर व्याज भरावयास लावले होते! मुद्दल १५०, व्याज ५,०००. हे न्यायालयाबाहेर कोणी गुंडाने लुबाडले नव्हते. कायद्याने, कागदपत्रानिशी, सहीशिक्क्यानिशी झाले होते.

वाचकहो, अशी हकीकत ऐकून हळहळणारे पुष्कळ असतात. दोनचार दिवस सावकाराला शिव्या द्याव्यात आणि मग विसरून जावे, हा जगाचा नित्यक्रम. देजार्दें यांनी शिव्या दिल्या नाहीत. ते पार्लमेंटच्या ग्रंथालयात जाऊन बसले. त्यांना निराळाच प्रश्न पडला होता. सावकार वाईट, हे सर्वांस ठाऊक असूनही मनुष्य त्याच्या दारी का जातो? जातो, कारण दुसरे दार उघडे नसते. मोठ्या बँकांना व्यापाऱ्यांशी काम. मजुराला, लहान शेतकऱ्याला पाचपन्नास डॉलर मोजून देणे त्यांच्या हिशेबात बसत नसे. आणि बँक जवळ असलीच, तर खेड्यातील ठेवी गोळा करून शहरातील धनिकांस वापरावयास देई. म्हणजे गावात पैसा नव्हता असे नाही. तो होता, परंतु थेंबाथेंबाने बाहेर झिरपत होता. नुसत्या कायद्याने व्याजाचा दर बांधून टाकला तरी गरजू मनुष्याची गरज कायद्याने भागत नाही, हे त्यांनी ओळखले.

ग्रंथालयात त्यांच्या हाती हेन्री विल्यम वुल्फ या इंग्रज गृहस्थांचा लोकांच्या बँकांवरील ग्रंथ पडला. जर्मनीत राइफायझन नावाच्या एका खेड्यांच्या मेयरने शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभारल्या होत्या, इटलीत लुत्साती यांनी शहरी कारागिरांसाठी लोकांच्या बँका काढल्या होत्या. त्या सर्वांचे वर्णन ह्या ग्रंथात होते. १८९८ च्या मे महिन्यात देजार्दें यांनी वुल्फ यांस पत्र लिहिले, आणि त्यांच्या ओळखीने युरोपातील सहकारी चळवळीच्या अनेक धुरीणांशी पत्रव्यवहार सुरू झाला. नियम कोणते, हिशेब कसे ठेविता, कर्ज बुडाले तर काय करिता, असे प्रश्न लेवीहून जात आणि उत्तरे येत. हा अभ्यास दोन वर्षांहून अधिक काळ चालला. आपल्याकडे संस्था आधी निघते आणि नियम मागाहून शोधले जातात. ह्या कारणास्तव हा भाग आम्ही मुद्दाम सांगितला.

६ डिसेंबर १९०० रोजी लेवी येथे सभा भरली, आणि शंभरावर लोकांनी नियमांवर सह्या करून लोकपेढीची स्थापना केली. फ्रेंच भाषेत तिला केस पोप्युलेर म्हणतात. २३ जानेवारी १९०१ रोजी पहिल्या रकमा गोळा झाल्या. पहिला भरणा दहा सेंटांचा होता, आणि त्या दिवशीची एकूण जमा सव्वीस डॉलर चाळीस सेंट. ज्या देशात बँकांच्या इमारती दगडी खांबांच्या असत, त्या देशात ह्या रकमेस बँक म्हणणे हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही.

आता ही पेढी चाले कशी, ते पाहू. आमच्या मते देजार्दें यांचे खरे मोठेपण ह्या तपशिलात आहे.

एक भाग पाच डॉलरांचा. परंतु पाच डॉलर एकदम मोजणे मजुरास अशक्य, म्हणून आठवड्यास दहा सेंट दिले तरी चाले. पन्नास आठवड्यांनी, म्हणजे वर्ष पुरे होण्याच्या आत, मनुष्य पेढीचा पुरा भागीदार होई. वरवर पाहता ही सवलत. वस्तुतः ती शाळा होती. आठवड्याच्या आठवड्यास मजुरी हाती आली की तीतून प्रथम दहा सेंट बाजूला काढावयाचे आणि उरलेल्यात भागवावयाचे, हा पाठ पन्नास वेळा गिरविल्यावर तो अंगवळणी पडल्यावाचून राहात नाही. खर्च करून उरेल ते शिल्लक टाकू, असे म्हणणाऱ्याच्या घरी कधीच काही उरत नाही, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. देजार्दें कर्जापेक्षा शिल्लक श्रेष्ठ मानीत. पेढी ही प्रथम काटकसर शिकविण्यासाठी, आणि कर्ज हे त्या काटकसरीचे फळ, असा त्यांचा क्रम होता. आणि तो उलटा झाला की पेढी बुडते, हे ते जाणून होते.

भागाचे पैसे बुडाले तर तेवढेच बुडावेत, घरदार जाऊ नये, अशी सभासदांच्या जबाबदारीची मर्यादा त्यांनी नियमांत घातली. राइफायझनच्या जुन्या पेढ्यांत प्रत्येक सभासद आपल्या सर्व मालमत्तेनिशी जबाबदार असे. क्वेबेकच्या शेतकऱ्यास ते रुचणार नाही हे ओळखून देजार्दें यांनी येथे इटलीची रीत उचलली. एका सभासदाचे दहा भाग असोत की एक, मत एकच. पेढीचे क्षेत्र धर्मग्रामापुरते. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नव्हे. धर्मग्रामात सगळे एकमेकांस ओळखतात. कोण उद्योगी, कोण शब्दाला जागतो, कोणाचे पैसे दारूच्या गुत्त्यात जातात, हे सांगण्यास तेथे चौकशी लागत नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही, दागिना नाही, त्याच्याजवळ निदान नाव असते. आणि देजार्दें यांच्या पेढीत चांगले नाव हे तारण म्हणून चाले. शहरातील बँकेच्या कपाटात ह्या तारणास जागा नव्हती.

कर्ज देण्याचे काम एका निराळ्या समितीकडे असे. त्या समितीच्या सभासदांस स्वतः कर्ज घेता येत नसे. आमच्या मते हा एक नियम पाळला गेला असता, तर आपल्या देशातील कित्येक पतसंस्था आज जिवंत असत्या. अर्जदाराने कर्ज कशासाठी हवे ते सांगितले पाहिजे, अशी अट होती. गाय घ्यावयाची, बी-बियाणे, हत्यारे घ्यावयाची, हिवाळ्याचे सरपण स्वस्ताईत भरून ठेवावयाचे, सावकाराचे जुने देणे फेडावयाचे, अशा कामास कर्ज मिळे. डामडौलासाठी मागितले तर मिळत नसे. मोठे आणि लहान असे दोन अर्ज एकाच वेळी आले, तर लहानास अग्रमान. कशासाठी हवे, हा प्रश्न विचारला गेला की मागणाराच घरी जाऊन विचार करू लागतो, आणि निम्मी कर्जे तेथेच गळतात. आपल्याकडे लग्नाच्या जेवणावळीसाठी आणि बँडबाजासाठी कर्ज काढून मग दहा वर्षे फेडीत बसणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्यांना हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही. आज तर हातातील यंत्रावर बोट टेकविताच क्षणात कर्ज मिळते, आणि त्या यंत्रास कशासाठी हा प्रश्न विचारण्याची गरजच वाटत नाही.

मुलांसाठीही त्यांनी शिल्लक टाकण्याची सोय केली. शाळेत मास्तरांजवळ अथवा सिस्टरांजवळ एकेक सेंट जमा व्हावयाचा आणि तो पेढीत जावयाचा. सेंटात मूल श्रीमंत होत नाही. पण आपल्या नावापुढे मांडलेला आकडा ते वाचावयास शिकते.

हे सर्व उभे राहात असता एक उणीव भयंकर होती. ह्या पेढीस कायद्याचा आधार नव्हता. अशी संस्था नोंदवून घेण्याची तरतूदच त्या वेळच्या कायद्यात नव्हती. त्यामुळे नियमांत काहीही लिहिलेले असले तरी, उद्या हिशेबात खोट आली तर ती चालकांच्या, आणि त्यांत मुख्यतः देजार्दें यांच्या, अंगावर येणार. १९०० पासून १९०६ पर्यंत सहा वर्षे ही टांगती तलवार त्यांच्या घरावर होती. घरात लहान लहान मुले, पगार एकट्याचा. आणि वर्षातील कित्येक महिने ते स्वतः ओटावास असत. मग लेवीची पेढी चालवी कोण?

ती चालवीत दोरिमेनबाई. पेढीची कचेरी त्यांच्या राहत्या घरातच होती. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजारपण, आणि मध्येच दारावर थाप पडली की हात पुसून हिशेबाचे पुस्तक उघडावयाचे. भरणा घ्यावयाचा, पावती द्यावयाची, दिवसाची बेरीज जुळवावयाची. त्या काळच्या क्वेबेकच्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीस नवऱ्याच्या संमतीवाचून स्वतःच्या नावाने व्यवहारही करता येत नसे. आणि अशी स्त्री एका गावाच्या ठेवी सांभाळीत होती! ह्यासाठी बाईंना वेतन नव्हते. पेढी बुडाली तर आपल्या मुलांचे काय, ही चिंता त्यांनी नवऱ्याजवळ बोलून दाखविली आणि तिने दोघांनाही गांजले होते. तथापि हिशेब त्यांनी सोडला नाही. पहिल्या वर्षांत लेवीच्या पेढीचे एकही कर्ज बुडाले नाही, ह्याचे श्रेय जितके नियमांस तितकेच ह्या घरातील काटेकोरपणास आहे.

धर्मगुरूंचे साहाय्यही येथे सांगितले पाहिजे. लेवीच्या कॉलेजातील धर्मगुरूंनी आणि क्वेबेकचे आर्चबिशप बेजँ यांनी पेढीस प्रथमपासून पाठिंबा दिला. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या स्थितीवर प्रसिद्ध केलेले परिपत्रक त्या पिढीच्या कॅथलिकांसमोर होतेच. खेड्यांतून हिशेब जाणणारा मनुष्य पुष्कळदा एकच, तो म्हणजे धर्मगुरू. म्हणून अनेक ठिकाणी तेच पेढीचे चालक झाले.

अखेर मार्च १९०६ मध्ये क्वेबेकच्या कायदेमंडळाने सहकारी संस्थांचा कायदा मंजूर केला आणि लेवीच्या घरावरील तलवार दूर झाली. सर्व कॅनडास लागू होईल असा कायदा व्हावा म्हणून देजार्दें यांनी ओटावातही खटपट केली. १९०८ साली लोकनियुक्त सभागृहाने विधेयक एकमताने मंजूर केले. सेनेटमध्ये ते एका मताने पडले. किरकोळ दुकानदारांच्या संघाने विरोध केला होता. सहकाराचे लोण आज पतपेढीत आले तर उद्या दुकानात येईल, ही त्यांची भीती. ज्या सभागृहात देजार्दें दुसऱ्यांची भाषणे लिहून घेत, तेथेच त्यांचे स्वतःचे स्वप्न असे मोडले. ते पुढे कामास लागले, इतकेच आम्हांस ठाऊक आहे.

काम म्हणजे फिरणे. एखाद्या धर्मगुरूंचे बोलावणे आले की आगगाडीने, घोड्याच्या गाडीने, बर्फात घसरगाडीने त्या गावी जावयाचे, लोकांपुढे बोलावयाचे, प्रश्नांस उत्तरे द्यावयाची, समिती निवडून द्यावयाची आणि चालकास वह्या कशा लिहाव्यात ते शेजारी बसून दाखवावयाचे. परतल्यावर पत्रांचा पाऊस. बेरीज का जुळत नाही, अमक्यास कर्ज द्यावे की न द्यावे, असल्या शंकांस ते रात्री जागून स्वतः उत्तरे लिहीत. अशा रीतीने त्यांनी शंभराहून अधिक पेढ्या जातीने उभारल्या. १९०८ च्या नोव्हेंबरात संयुक्त संस्थानांतील मँचेस्टर गावी, फ्रेंच बोलणाऱ्या गिरणीकामगारांच्या सेंट मेरी धर्मग्रामात, त्यांच्याच साहाय्याने त्या देशातील पहिली सहकारी पतपेढी निघाली. पुढील वर्षी मॅसॅच्युसेट्स संस्थानाने पतपेढ्यांचा कायदा केला, त्यातही त्यांचा सल्ला घेतला गेला.

आमच्या वाचकांस विशेष आवडेल अशी एक गोष्ट १९१० ची. लेवीच्या कॉलेजातील धर्मगुरू फिलिबेर ग्रोंदें यांनी लोकपेढीची प्रश्नोत्तरी छापली. लहानपणी ख्रिस्तसिद्धान्त जसा एक प्रश्न, एक उत्तर असा पाठ करितात, तशाच धर्तीवर पेढी म्हणजे काय, तिचा सभासद कोण होऊ शकतो, कर्ज कोणास मिळते, हे तीत सांगितलेले होते. अर्थशास्त्रावरील जाड ग्रंथ उघडण्याचे ज्यास धैर्य नाही, त्यास ही रीत परिचयाची होती. त्या पुस्तिकेच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या.

१९१३ साली पोप दहावे पियूस यांनी देजार्दें यांस संत ग्रेगरी महान यांच्या नावाचा कमांडर हा बहुमान दिला. परंतु तोवर शरीर थकत चालले होते. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांस हळूहळू घरी बसविले. तेथूनही पत्रे चालूच होती. सर्व पेढ्यांनी एकत्र येऊन एक मध्यवर्ती संघ स्थापावा आणि एकमेकींचे हिशेब तपासावेत, ही त्यांची अखेरची धडपड. ती पुरी होण्यापूर्वीच ३१ ऑक्टोबर १९२० रोजी लेवी येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी पेढ्यांचे सभासद ३०,००० वर होते आणि त्यांची जमा ६० लाख डॉलरांच्या वर गेली होती.

ह्याच सुमारास आपल्या देशात काय चालले होते? मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन यांनी राइफायझनच्या पेढ्यांचा अभ्यास करून सरकारास अहवाल दिला होता, आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०७ साली बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन हिंदुस्थानात आले असता त्यांनी बंगालमधील खेड्यांतील ह्या संस्था पाहिल्या. हेच गृहस्थ पुढे अमेरिकेत देजार्दें यांच्या पद्धतीच्या पेढ्यांचे मोठे पुरस्कर्ते झाले. १९०९ मध्ये छोटा नागपुरात जेसुइट फादर होफमन यांनी आदिवासी ख्रिस्तीजनांची सहकारी पतसंस्था काढली. आणि १९१८ साली आमच्या वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या प्रयत्नाने बॅसीन कॅथलिक सहकारी संस्था निघाली, ती आज बँक म्हणून वसईकरांच्या घराघरांत परिचित आहे. ह्या सर्व झऱ्यांचे मूळ राइफायझनच्या त्या जर्मन खेड्यांत एकत्र सापडते.

दोरिमेनबाई पतीच्या मागे बारा वर्षे जगल्या. मध्यवर्ती संघ कसा असावा, ह्याविषयी पेढ्यांचे चालक त्यांचा सल्ला घेत, कारण मूळ नियमांतील प्रत्येक शब्द का घातला गेला हे सांगू शकणारे दुसरे कोणी उरले नव्हते. १९३२ साली पेढ्यांचा प्रांतिक संघ स्थापन झाला. त्याच वर्षी १४ जून रोजी बाईंनी देह ठेविला, तेव्हा क्वेबेकच्या कॅथलिक वृत्तपत्राने, ह्या बाई नसत्या तर लोकपेढ्याही बहुधा नसत्या, अशा आशयाचे लिहिले. लेवीच्या मॉन-मारी रस्त्यावरील ते घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे.